ग्लेनराव सांगून यायचे

आमच्या गल्लीतल्या दारांच्या चौकटी बसवताना सुतारानं जी काही माणसाची उंची धरली होती, तिच्यात ग्लेनराव बसत नव्हते. देवासला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांचं कपाळ आप्पा जगतापांच्या घरातल्या एकेका चौकटीला लागलं, आणि दर वेळी ते चौकटीलाच "सॉरी" म्हणाले. आप्पांना तेव्हा दिसायचं कमी झालं होतं. ते ओट्यावरून विचारायचे, "जावई कुणाशी बोलताहेत गं?"

"दाराशी, आप्पा," सुनंदा आतून सांगायची.

सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील, म्हणजे आप्पा, कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून देवासला आले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. सुनंदा फिजिओथेरपी शिकून ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या एका लहान शहरातल्या बास्केटबॉल क्लबात खेळाडूंचे गुडघे आणि घोटे सांभाळायचं काम तिला मिळालं. "त्यातल्या एका गुडघ्याशी लग्न केलं," असं ती सांगायची. तो गुडघा ग्लेनरावांचा. खेळणं हाच त्यांचा व्यवसाय होता, आणि तो लवकर संपला. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी एका शाळेत क्रीडासाहित्य सांभाळलं. आप्पा एकटे पडले, डोळ्यांनी अधू झाले, तेव्हा सुनंदा परत आली. ग्लेनरावही आले. त्यांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, "ती निघाली. मग मी मागे."

मराठी त्यांनी आधी सुनंदाकडून उचललं होतं, त्यामुळे सुरुवातीला ते "मी येते", "मी जेवले" असंच बोलायचे. एवढा धिप्पाड माणूस दारात वाकून "आप्पा, मी बाजारात जाऊन येते" म्हणाला की गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. आप्पांना ते सहन होईना. "ग्लेनराव, येतो म्हणावं. येते ती सुनंदा." आणि आप्पांनी शिकवणी सुरू केली. आप्पांचं मराठी त्यांच्या वडिलांच्या वेळचं. देवासच्या हिंदीत राहूनही त्यांनी ते जपलं होतं. त्यामुळे काही महिन्यांत ग्लेनराव "आपण बसावं", "आज्ञा असावी" असं बोलू लागले. आमच्या घरची मुलं त्या वेळी "आई, मी स्कूल जाऊन राहिलो" असलं काहीतरी बोलत होती. गल्लीत नीट मराठी बोलणारा तरुण म्हणावा तर तो एक ऑस्ट्रेलियन, आणि तोही साठीकडे झुकलेला.

पण त्यांचं पहिलं मराठी वाक्य या सगळ्याच्या आधीचं होतं. "मागे आहे." हे त्यांनी सुनंदाला मुद्दाम विचारून पाठ केलं होतं. भांडी घासणाऱ्या बाईच्या पाठीमागून जायचं असो, देवपूजेला बसलेल्या आप्पांच्या मागून, नाहीतर रांगेत कुणाच्या मागे उभं राहायचं असो, ते आधी हलक्या आवाजात सांगायचे, "मागे आहे." भाजीबाजारात त्याचं हिंदी व्हायचं, "पीछे हूँ, भिया." भाजीवाला म्हणायचा, "अरे भिया, इत्ते लंबे हो, पूरे देवास को दिख रिए हो!" त्यावर ते गंभीरपणे सांगायचे, "पीठ को आँख नहीं होती."

एकदा मी अंगणात पुस्तकांना ऊन दाखवत होते. कुंपणाच्या बाजूनं आवाज आला, "वसुताई, मागे आहे." मी इतकी दचकले की हातातलं पुस्तक पडलं. "अहो, तुम्ही सांगितलंत म्हणून दचकले," मी हसत म्हणाले. ते हसले नाहीत. पुस्तक उचललं, पुसलं, माझ्या हातात दिलं आणि निघून गेले. संध्याकाळी सुनंदा आली. "वसू, त्याच्या त्या बोलण्याची चेष्टा नको करूस."

"का गं?"

"त्यालाच विचार."

मी विचारलं नाही. असं काही विचारायला माझी जीभ लवकर उचलत नाही.

घरात ग्लेनरावांना काम मिळत नसे. ते जावई होते, आणि जावयानं काम करायचं नाही याबद्दल आप्पांच्या मनात शंका नव्हती. गॅसचं सिलिंडर उचलायला ग्लेनराव पुढे झाले की आप्पा काठी आडवी धरायचे. "जावयाच्या खांद्यावर सिलिंडर? गल्ली काय म्हणेल?" अधिक महिन्यात पाटावर बसवून, औक्षण करून त्यांच्या पुढ्यात पुरणाचे धोंडे आणि जाळीदार अनारशांचं ताट ठेवलं जायचं. ते पाटावर मावायचे नाहीत. गुडघे कानांपर्यंत यायचे. अनारशाच्या जाळीतून ते उजेडाकडे बघायचे आणि मला हळूच विचारायचे, "वसुताई, मी इथे पाहुणा कधीपर्यंत?"

"जन्मभर," मी म्हणायचे. आम्हा सगळ्यांना तो मान वाटायचा.

घरात काही करू दिलं जात नाही म्हणून ते सकाळी शाळेमागच्या मैदानावर जाऊ लागले. तिथे बास्केटबॉलचा एक गंजका खांब होता. काही दिवसांनी खांबाला रिंग आली. मग जाळी आली, मग मुली आल्या. त्यांना ते "लंबे सर" झाले. शिकवताना ते फार बोलत नसत. चेंडू कसा धरायचा ते स्वतःच्या हातांनी दाखवायचे, आणि मुलीनं तसा धरला की दोन्ही तळवे जोडून "उत्तम" म्हणायचे. हा शब्द आप्पांचा.

त्या मुलींत पायल होती. ठेंगणी, खांद्यांनी रुंद, बोलायला फटकळ. तिचा नेम चांगला नव्हता आणि हे तिला माहीत होतं. पण बारावीनंतर पुढे शिकायचं तर तिच्यासमोर एकच वाट होती. राज्य पातळीवर खेळलं की इंदूरच्या कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश आणि वसतिगृह. तसं झालं नाही तर सतवासला मावशीच्या ब्यूटी पार्लरमध्ये बसायचं, हे वडिलांनी ठरवून टाकलं होतं. तिनं कुठून तरी फोनवर ग्लेनरावांच्या जुन्या सामन्याचं चित्रण शोधून काढलं आणि मैदानावरच त्यांच्या नाकासमोर धरलं.

"सर, ये आप हो ना? ये खड़े-खड़े क्या कर रिए हो? सब दौड़ रिए हैं, आप खंभे जैसे खड़े हो."

ग्लेनरावांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद करून परत दिला.

"मेरे को ये सिखाओ सर. गोला तो मैं डाल नी पाती. खड़ी तो रह सकती हूँ."

"नहीं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी लवकर घरी आले.

पायल कुणाचं ऐकणारी नव्हती. तिनं आप्पांना गाठलं. आप्पांनी संध्याकाळी ओट्यावर विषय काढला. मी आणि सुनंदा मटार सोलत बसलो होतो.

"शिकवा की, ग्लेनराव. पोर एवढं म्हणते आहे."

ग्लेनरावांनी मटारची एक शेंग उचलली आणि न सोलता परत ठेवली. मग त्यांनी आप्पांच्याच मराठीत, एकेक शब्द ठेवत, सांगितलं.

"आप्पा, मी बास्केट फार करत नसे. माझं काम उभं राहण्याचं. आपला नेमबाज धावतो, त्याच्या मागे समोरचा एक धावतो. त्या समोरच्याच्या वाटेत मी जाऊन उभं राहायचं. हात असे." त्यांनी दोन्ही हात छातीवर दुमडले. "हलायचं नाही. तो माझ्यावर आदळतो, आपला नेमबाज मोकळा होतो. हे नियमात आहे. याला स्क्रीन म्हणतात. मी ते चांगलं करी."

"मग?"

"एक मुलगा होता. कोवळा. पाठमोरा धावत आला. त्याच्या सोबत्यानं ओरडून सांगायचं असतं, 'मागे आहे.' सोबती विसरला. मी पाहिलं की तो विसरला. मला वेळ होता." ते थांबले. "मी नाही सांगितलं. मी कसा सांगणार? मी दुसऱ्या बाजूचा."

सुनंदा खाली बघून शेंगा सोलत होती. तिला हे सगळं माहीत होतं.

"तो आदळला आणि डोक्यावर पडला. पंचानं शिट्टी नाही वाजवली. मी नियमात होतो. आम्ही बास्केट केली, सामना जिंकलो. माझ्या कोचनं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या मुलाचा एक कान गेला, आप्पा. आणि तोल गेला. नीट उभं राहता येईना. तो परत खेळला नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं मला चहा दिला, केक दिला. म्हणाली, तुम्ही तुमचं काम केलंत."

मग त्यांनी सांगितलं की त्यानंतर त्यांच्याकडून गप्प उभं राहवेना. स्क्रीन लावताना ते समोरच्याच्या कानात हळूच सांगू लागले, डावीकडे आहे, मागे आहे. कोचला बाकावरून ते ऐकू गेलं. पुढच्या हंगामात त्यांना कुणी बोलावलं नाही.

"सुनंदा सगळ्यांना गुडघा सांगते," ते म्हणाले. "गुडघा बरा होता."

आप्पा आंधळ्या माणसासारखे सरळ समोर बघत होते. मग म्हणाले, "आमच्या शेडमध्ये डोक्यावरून क्रेन जायची. माल हलवण्याआधी घंटा द्यायची, हा नियम. घाई असो, साहेब उभा असो. घंटा न देता माल हलवला की तो माणूस माझ्या पाळीत राहायचा नाही. ग्लेनराव, तिला शिकवा. पण घंटा देऊन उभं राहायला शिकवा."

ग्लेनराव उठले आणि त्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला. उठताना कपाळ ओट्याच्या पत्र्याला लागलं. त्या वेळी ते पत्र्याला सॉरी म्हणायचं विसरले.

ग्लेनरावांनी त्या मुलाची गोष्ट मुलींनाही सांगितली, आणि असा देवासच्या मुलींचा तो प्रकार सुरू झाला. पायल समोरच्या मुलीच्या वाटेत जाऊन उभी राहायची, हात छातीवर, आणि धडक बसण्याआधी खणखणीत ओरडायची, "पीछे हूँ!" प्रतिस्पर्ध्याला आधी सांगून अडवायचं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. आसपासच्या गावांत हसू झालं. लोहारद्याच्या मुली यांना बघितल्या की ओरडायच्या, "आ गई रे घंटीवाली!" पण गंमत अशी की ते चालून गेलं. पाठीमागून आवाज आला की माणूस मान वळवून बघतोच. तेवढ्या वेळात आमची नेमबाज मोकळी व्हायची. एकाही मुलीला लागलं नाही आणि सामने जिंकले गेले. ग्लेनराव घरी येऊन आप्पांना निकाल सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "घंटा दिली होती." आप्पा मान डोलवायचे. त्या वर्षी ग्लेनरावांना मी जितकं हसताना पाहिलं तितकं आधी नाही आणि नंतर नाही.

अंतिम सामना धारला होता. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. मुलींबरोबर कुणी बाई हवी म्हणून मी गेले. सुनंदाला तिचे पेशंट सोडून येता येईना. मला खेळातलं फारसं कळत नव्हतं, म्हणून ग्लेनरावांनी माझी खुर्ची अगदी रेषेलगत ठेवली. "इथून सगळं दिसेल आणि ऐकू येईल," ते म्हणाले.

धारच्या संघानं आमच्या मुलींचा अभ्यास केला होता. पायल ओरडली की त्यांची मुलगी मान वळवायचीच नाही. एक पाऊल बाजूला टाकायची आणि पुढे निघून जायची. घंटा आता त्यांच्या उपयोगी पडत होती. तरीही आमच्या मुली चिवटपणे खेळल्या. शेवटचा थोडा वेळ उरला तेव्हा जिंकायला आम्हाला एकच बास्केट हवी होती, आणि चेंडू आमच्याकडे होता. ग्लेनरावांनी खेळ थांबवून मुलींना जवळ घेतलं. माझ्या खुर्चीपासून ते हाताच्या अंतरावर होते.

नेमबाज मुलगी धापा टाकत म्हणाली, "सर, बस आज. एक बार मत बोलने दो इसको."

सगळ्या ग्लेनरावांकडे बघू लागल्या. पायल वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. ग्लेनरावांचा चेहरा मला दिसत होता. असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, ओट्यावर मटार सोलताना.

"बोलना है," ते म्हणाले.

शिट्टी झाली. नेमबाज धावली. धारची मुलगी तिच्या मागे पाठमोरी सरकत आली. पायल तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली, हात छातीवर, पाय रोवून. आणि ओरडली. धारच्या मुलीनं एक पाऊल बाजूला टाकलं, उडी मारली आणि चेंडू हवेतच अडवला.

मुलींना आधीच शब्द दिला होता, हरलं तरी मांडू बघायचं. म्हणून बस देवासकडे न वळता तिकडे निघाली. बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही. नालछ्याला चहासाठी थांबलो. सगळ्या उतरल्या, पायल उतरली नाही. खिडकीला डोकं टेकून बसली होती. ग्लेनराव खाली त्या खिडकीपाशी गेले. जमिनीवर उभे राहूनही त्यांचं तोंड तिच्या तोंडाशी येत होतं.

"बेटा, गलती मेरी है."

"कौन-सी गलती, सर? आपने बोला, बोलना है. मैं बोली."

"मुझे माफ करो."

पायलनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. "वो लड़का तो आपके उधर का था, सर. हमने क्या किया था?"

ग्लेनरावांनी खिडकीची कड धरली. मग ते तिथेच उभे राहिले. चहा घेतला नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा दार धरून चढले, आणि डोकं आपटल्याचा आवाज सगळ्या बसला ऐकू आला.

पायल त्या उन्हाळ्यात सतवासला गेली.

पुढे ग्लेनराव मैदानावर जात राहिले, पण लांब गेलेले चेंडू आणून देण्यापुरते. उभं राहणं त्यांनी पुन्हा कुणाला शिकवलं नाही. आणि "मागे आहे" म्हणणं बंद झालं. आता कुणाच्या पाठीमागून जायचं असलं की ते नुसते थांबायचे. तो माणूस आपणहून वळेपर्यंत, बाजूला होईपर्यंत, थांबून राहायचे. भाजीबाजारात मी त्यांना एका म्हाताऱ्या बाईच्या मागे पिशवी धरून उभं असलेलं पाहिलं आहे. ती निवांत कोथिंबीर निवडत होती. तिला माहीतच नव्हतं की मागे कुणी आहे.

आप्पा हे ओळखून होते. एकदा माझ्यासमोर म्हणाले, "घंटा द्या असं मी सांगितलं, ग्लेनराव. तुमच्याइतकंच ते माझं."

"नाही, आप्पा," ग्लेनराव म्हणाले. "आपल्या घंटेनं मालाखालचा माणूस वाचे. माझ्या घंटेनं मी वाचत होतो. पोर नाही."

आप्पा गेले तेव्हा खांदा द्यायला ग्लेनराव पुढे झाले. या वेळी काठी आडवी धरणारं कुणी नव्हतं. बाकीचे तिघे साधारण उंचीचे. तिरडी कलंडू नये म्हणून ग्लेनराव गल्लीपासून स्मशानापर्यंत गुडघ्यांत वाकून चालले. ज्या गुडघ्याचं निमित्त सांगितलं जायचं तो गुडघा त्या दिवसापासून खरंच गेला.

मग त्यांचा स्वतःचा आजार आला. पोटातला होता आणि उशिरा कळला. पलंग पुरत नव्हता म्हणून पायांकडे एक स्टूल जोडलेलं होतं, त्यावर उशी. एवढा मोठा देह दिवसेंदिवस चादरीखाली सपाट होत गेला. मी दुपारी जाऊन बसायचे, काहीबाही वाचून दाखवायचे. ते ऐकायचे, मध्येच म्हणायचे, "वसुताई, त्या पोरीचं काय झालं असेल?" काय झालं ते त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

सुनंदानं निरोप धाडला असावा. एका दुपारी पायल आली, सतवासहून बसनं. अंगानं भरली होती, भुवया कोरलेल्या, केस नीट बांधलेले. दारात चपला काढल्या आणि पलंगाशी खाली बसली.

"कैसे हो, लंबे सर?"

"पायल," ते म्हणाले. मग पुन्हा तेच. "धार में, बेटा..."

"सर, एक बात बोलूँ? गुस्सा मत होना." ती चादरीच्या काठाशी चाळा करत होती. "उस दिन मैं बोली नी थी."

"क्या?"

"नी चिल्लाई थी मैं. मुँह खोला था बस, कि आपको लगे मैं बोली. जीतना था ना मेरे को. वो धारवाली तो अपने-आप हट गई. आपकी बात मैंने मानी ही नी थी, सर. आप फालतू में इत्ते साल..."

ग्लेनराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं, हसताना खोकला आला. सुनंदानं मागून आधार देऊन पाणी पाजलं. श्वास सावरल्यावर त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"वसुताई, आपण तिथे होता. रेषेशी. आपण काय ऐकलंत?"

पायलनं माझ्याकडे पाहिलं नाही. चादरीच्या काठावरचं तिचं बोट तेवढं थांबलं.

"गोंगाट फार होता हो," मी म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल पडला. दोन्ही हात आपोआप छातीवर दुमडले गेले, तसे. "पोरीनं फसवलं मला," ते पुटपुटले. त्या आवाजात कितीतरी वर्षांनी काहीतरी हलकं होतं. धारच्या त्या मैदानावरचा पायलचा आवाज माझ्या कानांत तेव्हाही होता, आजही आहे. चेंडू अडवल्याचा आवाज आठवत नाही, तो आठवतो.

ते झोपले असं वाटल्यावर पायल उठली. तिला शेवटची बस गाठायची होती. सुनंदा पलंगाशी पाठमोरी, वाकून उशी नीट करत होती. खोली लहान. दाराकडे जायला सुनंदाच्या मागून जावं लागत होतं. पायल क्षणभर थांबली आणि सवयीनं, हलक्या आवाजात म्हणाली,

"पीछे हूँ, आंटी."

आणि निघून गेली.

ग्लेनरावांनी डोळे उघडले. दाराकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा रिकामा पेला उचलला आणि स्वयंपाकघरात गेले.